साहेब जी वाट चाललाच नाही

मेलेल्या माणसावर राग धरणं फार गैरसोयीचं असतं. भांडायला जावं तर तो घरी सापडत नाही आणि बोलणं टाकावं तर त्याला पत्ता लागत नाही. त्यातून तो इंग्रज असेल, आपल्या गावच्या आमराईत तंबू ठोकून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी निघून गेलेला असेल, आणि त्याचे गोडवे आपण स्वतःच तीस वर्षं गायलेले असतील, तर त्या रागाचं करायचं तरी काय? मी कित्येक महिने तो पदरात बांधून फिरते आहे. परवा नवऱ्यानं चहात साखर कमी आहे म्हटलं, तर त्याला साहेबाच्या वाटणीचं ऐकून घ्यावं लागलं.

माझं सासर समुद्रपुरात. नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. माहेर एस.टी.नं दीड तासावर, नदीकाठच्या गावात. भाजीपाला पिकवणारं घर. आमच्या घरात प्रत्येकाला काहीतरी येतं. भावाला वांगी येतात, वहिनीला बाजार येतो, मला गोष्टी येतात. म्हणजे मला काहीच येत नाही, असं आई म्हणायची.

मार्गशीर्षात आमच्याकडे वाडीत रोडग्यांचं जेवण असतं. वाडी म्हणजे आमचं भाजीचं शेत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वर तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. जेवणं झाली, की कोणीतरी म्हणणारच, "आत्या, साहेबाची गोष्ट." आणि आत्या, म्हणजे मी, लाजल्यासारखं करून लगेच सुरू व्हायची.

गोष्ट अशी. बंदोबस्ताचा साहेब आला. बंदोबस्त म्हणजे गावचं शेत न् शेत मोजायचं, कोणाचं काय ते लिहायचं आणि सारा ठरवायचा. साहेब तरुण, मिशीही पुरती फुटलेली नव्हती. आमराईत त्याचे तंबू पडले. माझा पणजा रोज सकाळी त्याला डाली घेऊन जायचा. अधिकारी गावात आला की टोपलीत भाजी-फळं सजवून त्याला भेट नेत, ती डाली. साहेब वांग्यांवर खूश झाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माली, क्या मांगटा?" पणजा हात जोडून म्हणाला, "साहेब, वाडीत जायला वाट द्या." कारण गाव आणि आमची वाडी यांच्या मधे मालगुजाराचं शेत. गावचा सारा गोळा करणारा, गावचा मालक म्हणून मिरवणारा तो मालगुजार. त्याच्या मर्जीशिवाय त्याच्या बांधावर पाय ठेवायची सोय नव्हती. साहेब घोड्यावर बसला, त्या शेतातून रपारप आमच्या वाडीपर्यंत आला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि नकाशावर रेघ ओढली. "ये टुमारा रास्ता!"

ही रेघ मी काडीनं राखेत ओढून दाखवायची. पोरं टाळ्या वाजवायची. मूळ गोष्ट आजोबांची, पण घोडा माझा. पहिल्यांदा तो तांबडा होता, पुढे पांढरा झाला. एका वर्षी तर मी साहेबाच्या डोळ्यांत पाणी आणलं, कारण त्या दिवशी भाजीत तिखट जास्त पडलं होतं आणि सगळ्यांच्याच डोळ्यांत होतं.

या गोष्टीनं आमच्या घराला एक खोड लावली. अधिकारी दिसला की भावाचा हात पिशवीकडे जातो. तलाठी, कृषी सहायक, बँकेचा साहेब, गुरांचा डॉक्टर, कोणीही आमच्या दारातून वांग्यांशिवाय गेलेला नाही. "आपल्याले वांग्यानंच वाट देल्ली," असं भाऊ अभिमानानं सांगतो.

काही वर्षांपूर्वी सरकारनं शेतवाटा कागदावर घ्यायचं काढलं. तलाठी गावात फिरत होता. पंचांच्या सह्या घ्या, अर्ज द्या, वाट नोंदवून टाका, इतकं सोपं काम. आमच्या ओसरीवरही आला. भावानं त्याला चहा दिला, वांगी दिली आणि म्हणाला, "आमची वाट साहेबाच्या नकाशात हाये. आमाले अर्ज कायले पाहिजे?"

तलाठी म्हणाला, "असंल, पन देऊन ठेवा."

नेमकी मी त्या दिवशी माहेरी होते. मी पदर खोचला आणि तलाठ्याला अख्खी गोष्ट सांगितली. घोड्यासकट. त्याची एस.टी. चुकली. जाताना तो हसत म्हणाला, "ताई, तुमची वाट तं पक्की हाये." अर्ज झालाच नाही. बाकीच्यांच्या वाटा लिहिल्या गेल्या, आमची तेवढी राहिली.

मागच्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर लोखंडी गेट बसलं. मालगुजाराच्या पणतूंनी शेत विकलं होतं. घेणारा शहरातला. त्यानं चारी बाजूंनी तार ओढली, फार्महाऊस बांधलं, हिरवळ लावली आणि आमच्या वाटेला कुलूप घातलं. भाऊ विचारायला गेला, तर तो माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, कागद दाखवा, गेट काढतो."

दुसरा रस्ता नाल्यातून. पावसाळ्यात तिथं गुडघ्याएवढा चिखल. बैलांची बंडी तर जातच नाही. वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन तिथून बाजाराला जायला लागली. पुढच्या श्रावणात घसरली, मनगट सुजलं. टमाटे सगळे नाल्यात. आठवडाभर सेवाग्रामच्या दवाखान्यात फेऱ्या झाल्या. त्यात त्या फार्महाऊसवाल्या शेजाऱ्यानं निरोप पाठवला: एवढा त्रास होत असेल तर वाडी मला देऊन टाका.

भावाचे गुडघे गेलेले. तो म्हणाला, "देऊन टाकू का? पोरी बी इथी नाई राहात."

वहिनीनं सुजल्या हातानं ताट सरकवलं. "देऊन मी काय करू? टीवी पाहू? वाडी गेली तं तुमाले जेवायले बी मीच उठवीन का रोज?"

म्हणून तहसिलीत अर्ज केला. बाबू म्हणाला, जुना रेकॉर्ड आणा. मी छाती काढून म्हटलं, "साहेबाचा नकाशा मी आणते." वर्ध्याला तीन खेपा झाल्या. रेकॉर्ड रूममध्ये एक म्हातारे गृहस्थ, त्यांनी कापडात बांधलेलं बाड इतक्या हळू सोडलं की मला वाटलं आत तान्हं मूल आहे. शिक्क्याची नक्कल हातात पडली आणि मी वर्ध्याच्या बस स्टँडवरच, शेंगदाणेवाल्याच्या बाजूला बसून उघडली.

आमराई होती. तिच्यातलं झाड न् झाड काढलेलं होतं. आमची वाडी होती, विहिरीचा बारीक गोल होता. वाट नव्हती. चष्मा पुसून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. लाल सोडा, काळी रेघसुद्धा नव्हती. सोबत गावच्या चालीरीतींचा कागद होता; कोणी कुठं गुरं चारावीत, कुठून पाणी भरावं, सगळं लिहिलेलं. त्यात आमच्यावर एक ओळ: भाजीवाले मालगुजाराच्या शेतातून त्याच्या परवानगीनं जातात, त्यांना हक्क नाही. खाली साहेबाची वळणदार सही.

मी शेंगदाणे विकत घेतले आणि एकही खाल्ला नाही.

मला चित्र लख्ख दिसत होतं. आमराई कोणाची? मालगुजाराची. तंबूपुढची खुर्ची कोणाची? त्याचीच असणार. साहेब त्या सावलीत, त्या खुर्चीवर बसला, आमची वांगी खाल्ली, आणि वाट कोणाची ते मालगुजाराला विचारलं. माझा पणजा चार हातांवर टोपली घेऊन उभा असेल. त्याला विचारलं असतं तर तो चालत घेऊन गेला असता. तेवढंच तर हवं होतं. चालायचं. पाव कोसही नाही. पण साहेब उठला नाही, आणि त्याच्या न उठण्याची किंमत माझ्या वहिनीच्या मनगटानं दिली.

भाचीला फोन केला. ती नागपुरात कंपनीत आहे. तिनं सहीवरचं नाव मोबाइलमध्ये टाकलं आणि दहा मिनिटांत अख्खा साहेब बाहेर आला, जन्मापासून मरणापर्यंत. इतकी माहिती माझ्या सख्ख्या आजीची मला नाही.

बड्या शाळेत शिकला. परीक्षा पास झाला आणि जहाजात बसला. ज्या वयात माझ्या नवऱ्याला दुकानाचं शटर नीट उघडता येत नव्हतं त्या वयात याच्या हातात शेकडो गावं. हिवाळाभर दौरा: तंबू पुढे, साहेब मागे, गावोगावच्या बंड्या फुकटात सामान वाहायला. उन्हाळ्यात पचमढीच्या थंड हवेत. मग बढती, मग आणखी बढती, मधे लांबलचक रजा, शेवटी किताब आणि पेन्शन. समुद्रकाठी बंगला, बाग. म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचे फोटो इंटरनेटवर फुकट आहेत. भाची रविवारी आली आणि आम्हाला वाचून, समजावून सांगत बसली.

शिकारीवर पानंच्या पानं. कुत्र्याला नाव, घोड्याला नाव. घोडा तपकिरी होता, म्हणजे तिथंही मी चुकले. आणि आमचं गाव? अर्धं पान. नदीकाठची सुंदर आमराई, मालगुजार मोठा सभ्य गृहस्थ, आणि भाजी फार उत्तम मिळे, त्यातही वांगी.

"आन आपला पणजा?" भावानं विचारलं.

"नाहीये, बाबा," भाची म्हणाली.

"नीट पाह्य. वांगे हायेत म्हन्तं ना? मंग आननारा असंलच."

"वांगी आहेत. आणणारा नाहीये."

भाऊ उठून गोठ्यात गेला. त्याच्या पाठीकडे पाहून मला साहेबाचा इतका संताप आला की पुस्तक मोबाइलमध्ये नसतं तर मी चुलीत घातलं असतं. भाचीनं मोबाइल आधीच खिशात टाकला होता.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे बाई, तीस साल तुमी लबाडच सांगून राह्यल्या व्हत्या?"

"मी ऐकलं तसं सांगितलं."

"घोडा?"

"घोडा माझा."

"लाल पेन्सिल?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"त्या तलाठ्यापुढं तोंड बंद ठेवलं असतं तं आज वाट कागदावर असती," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ते भाजी निवडत सांगितलं.

दोन दिवसांनी तहसिलीतून निरोप आला, गुरुवारी तहसीलदारसाहेब मोका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहायला येणार. भावानं मला बाजूला घेतलं. "तो कागद नोको दाखवू. तू आपली गोष्टच सांग. नवा साहेब हाये, बाहेरचा हाये. तुले जमते." आणि जमलं असतं, हे मला माहीत होतं. घोडासुद्धा तपकिरी करून टाकला असता.

गुरुवारी जीप आली. साहेब पुन्हा तरुणच. बरोबर बाबू आणि तलाठी. फार्महाऊसच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या, वर पंखा, टेबलावर काजू आणि थंड बाटल्या. साहेब तिथं बसला आणि त्यानं पहिला प्रश्न शेजाऱ्याला विचारला. ज्याची खुर्ची त्याला विचारणा. राज्य गेलं, टोप्या गेल्या, आपलं सरकार आलं, आणि बसायची जागा तेवढी तीच राहिली!

तारेबाहेर भाऊ उभा होता. इस्त्रीचा सदरा, हातात वांग्यांची पिशवी, आणि तोंडावर हसू. बोलावतील तेव्हा पुढं व्हायचं, असं ते हसू. पणज्याला मी पाहिलेलं नाही, फोटोही नाही. पण ते हसू मी ओळखलं.

मी त्याच्या हातातली पिशवी हिसकावली.

"अवं, काय करून राह्यली? साहेबापुढं खाली हातानं जातेत का?"

"आजवर भरल्या हातांनीच गेलो ना? काय मिळालं?" माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. शेडखालची मंडळी वळून बघायला लागली. शेजाऱ्याच्या हातातला काजू हातातच राहिला. "तो फुकट खाऊन गेला, भाऊ! पोटभर खाल्लं आणि लिहून ठेवलं, हक्क नाही म्हणून! आता यालाही खाऊ घालायचं?"

हे ओरडून झाल्यावर आठवलं की 'याला' म्हणजे तहसीलदाराला.

तेवढ्यात वहिनी आली. डोक्यावर भरलेलं टोपलं, भेंडी आणि चवळी. तिनं मला हातानंच बाजूला केलं आणि तारेपाशी उभी राहिली.

"साहेब, मले बाजाराले उशीर होऊन राह्यला. माह्यासंगं चाला."

"बाई, आधी यांचं ऐकून घेतो, मग तुमचं."

"त्याह्यचं बसून ऐका," वहिनी म्हणाली, "माहं चालून ऐका."

तो का उठला, मला अजून कळलेलं नाही. थंड बाटली संपली असेल. किंवा त्याच्याही घरी कोणी टोपलं उचलणारं असेल. उठला खरा. वहिनीनं त्याला आधी नाल्यातून नेलं. पाऊस नुकता सरला होता. मधोमध त्याचा बूट चिखलात रुतून बसला आणि तो एका पायावर उभा राहिला. बाबूनं बूट उपसून दिला. वहिनी टोपल्यासकट पलीकडे थांबून होती. मी हसले नाही, याची नोंद व्हावी.

मग परत येऊन त्यानं गेट उघडायला लावलं. आत सगळीकडे महागाची हिरवळ, पावसानं तरारलेली. फक्त एका जागी नाही. गेटपासून निघून, चिंचेला वळसा घालून, थेट आमच्या वाडीच्या कवाडापर्यंत बंडीच्या रुंदीचा एक पिवळट पट्टा गेला होता. उघडी, चकाकणारी माती.

"इथं गवत का नाही?" साहेबानं विचारलं.

शेजाऱ्याचा माळी आमच्याच गावचा. मालकाकडे न पाहता म्हणाला, "साहेब, इथी कुदळच नाई लागत. दोन खेपा गवत लावलं, दोन्ही खेपा मेलं. पानी टाकलं तं वरच्यावर वाहून जाते. गोटा झाली माती."

"कशानं?"

माळ्यानं वहिनीच्या पायांकडे पाहिलं. तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि त्या पट्ट्यावरून, टोपलं घेऊन, चालायलाही लागली होती. वर्षभरानं. चिंचेपाशी न बघता वळली.

मी पर्समधून नक्कल काढली आणि साहेबाच्या हातात दिली.

त्यानं वाचली. "मॅडम, हा कागद तर तुमच्या विरुद्ध आहे."

"आहेच. ज्यानं लिहिला त्यानं बसून लिहिला. नाही विचारलं आम्हाला. पण त्याला एक लपवता आलं नाही. जातात, असं त्यानंही लिहिलंय. तेव्हाही जात होते. परवानगी कोणाची, हक्क कोणाचा, ते त्याच्या खुर्चीला ठाऊक. तुम्ही माती बघा."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात छोटी गोष्ट. तीत घोडा नव्हता.

साहेबानं बाबूला टेप धरायला लावली. गावातल्या चार म्हाताऱ्यांची बयानं झाली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण मी चिंचेखाली बसून पाणी पीत होते आणि वांग्यांची पिशवी घट्ट धरून होते. ती वांगी वहिनीनं संध्याकाळी बाजारात विकली.

दोन महिन्यांनी आदेश आला: वहिवाटीची वाट आहे, बंडी जाईल एवढी मोकळी करावी. शेजाऱ्यानं वर अपील केलंय, त्यामुळे माझा राग अजून मोडीत काढलेला नाही; लागेल. पण गेट निघालं आहे. आणि त्या आदेशात वहिनीचं नाव आहे, आडनावासकट, पुरं. ते मी इथं लिहीत नाही. तिनं बजावलंय, "माह्या नावाच्या गोष्टी करू नोका."

आदेशाची प्रत घेऊन तलाठी घरी आला तेव्हा आम्ही रोडग्यांची तयारी करत होतो. भावानं त्याला बसवलं, चहा दिला. मग त्याचा हात सवयीनं कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेला. वहिनीनं कणीक तिंबता तिंबता फक्त मान वर केली. हात मागे आला.

तलाठ्यानं चहा संपवला, थोडा रेंगाळला. चपला घातल्या, परत वळला.

"काऊन वो वहिनी, यंदा वांगे नाई झाले का?"

"झाले ना. चांगले झाले," वहिनी म्हणाली. "गुरुवारी बाजारात येजा."